तिरंदाजाचा वेष आणि माणदेशची घोंगडी

इसवी सन २०२४ च्या जुलै महिन्यांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत प्रदर्शनार्थ आलीं, तेव्हां तीं पाहण्यास लोकांची रीघ लागली. हीं वाघनखें मराठ्यांचा इतिहासकार जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून त्या संग्रहालयास मिळालेलीं आहेत. प्रतापगडच्या प्रसंगीं वापरलेलीं तींच हीं कीं काय, याविषयीं वाद आहे. त्यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आमच्या मनांत आला तो विचार निराळाच. पोलाद टिकतें, म्हणून पोलादाचा इतिहास लिहिला जातो. कापूस व लोकर कुजते, म्हणून त्यांचा इतिहास लिहावयाचा राहून जातो. तलवारीचे प्रकार, पट्ट्याचे हात, भाल्याची लांबी यांविषयीं आपणांस पुष्कळ ऐकावयास मिळतें. परंतु तें शस्त्र हातीं घेऊन जो मनुष्य जावळीच्या रानांत आषाढाच्या पावसांत उभा राहिला, त्याच्या अंगावर काय होतें, तो भिजून गारठला कसा नाहीं, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं. आमच्या समजुतीनें हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. मनुष्य आपल्या प्रांताच्या हवापाण्याशीं कोणत्या युक्तीनें जुळवून घेतो, हें त्याच्या वस्त्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसऱ्या कशांत दिसत असेल.

सर्व शस्त्रधाऱ्यांत तिरंदाजाचें वस्त्राशीं नातें अधिक जवळचें. तलवारबहाद्दराच्या अंगरख्यास चार चुण्या जास्त पडल्या तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. बंदूकवाला दुरून नेम धरतो. पण बांबूचा कमठा घेऊन शिकारीस निघालेल्या मनुष्यास सावजाच्या वीस-तीस पावलांपर्यंत जावें लागतें, किंवा सावज तेथवर येईपर्यंत झुडुपाआड घटकाच्या घटका निश्चल बसावें लागतें. चालणाऱ्यास थंडी कमी वाजते, बसणाऱ्यास अधिक. शिवाय त्याचे दोन्ही हात धनुष्याच्या कामांत गुंतलेले. छत्री धरण्यास तिसरा हात कोठून आणावा? त्यांतून दोरी सुटतांना ती डाव्या हाताच्या आंतील बाजूनें झपाट्यानें जाते; अस्तनी सैल असेल तर दोरी तींत अडकून बाण भलतीकडे जातो, आणि हात उघडा असेल तर कातडी सोलवटून निघते. याकरितां आपल्या पूर्वजांनीं डाव्या हातास चामड्याचा पट्टा बांधण्याची चाल पाडली होती. संस्कृतांत त्यास ‘गोधा’ म्हणत, आणि बोटांच्या रक्षणासाठीं असलेल्या साधनास ‘अंगुलित्राण’ म्हणत. हीं नांवें महाभारत-रामायणाच्या वाचकांस परिचयाचीं आहेत.

तेव्हां तिरंदाजाचें वस्त्र कसें असावें, याचीं चार लक्षणें सहज सांगतां येतात. तें हाताशीं व छातीशीं घट्ट असावें. त्याचा आवाज होऊं नये. त्याचा रंग रानांत उठून दिसूं नये. आणि बसून राहणाऱ्या मनुष्याची ऊब त्यानें ओल्या हवेंतही राखावी. पहिलीं तीन लक्षणें साधणें फारसें कठीण नाहीं. खरी परीक्षा चवथ्याची, आणि ही परीक्षा सातारा-सांगलीइतकी कडक क्वचितच कोठें असेल.

या दोन जिल्ह्यांचें हवामान म्हणजे एकाच घरांत नांदणाऱ्या दोन जावांसारखें. एकीचा स्वभाव दुसरीस मुळींच ठाऊक नाहीं. महाबळेश्वरीं वर्षास सुमारें ५,५०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. आणि तेथून पूर्वेस शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर गेलें कीं माण तालुक्यांत तो पांचशें मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. सांगलीकडेही तोच प्रकार. पश्चिमेस शिराळ्याच्या बाजूस वारणेच्या उगमाकडील चांदोलीचें रान चार महिने धुक्यांत बुडालेलें असतें, तर पूर्वेस आटपाडी व जत येथील शेतकरी ढगांकडे पाहून दिवस मोजतो. उन्हाळ्यांत कृष्णाकांठीं अंगाची लाही होते. पौष-माघांत पाचगणीच्या पठारावर पहांटे हाताचीं बोटें वांकत नाहींत, आणि ज्याचीं बोटें वांकत नाहींत त्यानें दोरी काय ओढावी? म्हणजे कोयनेच्या खोऱ्यांतून निघून माणदेशांत उतरणाऱ्या मनुष्यास दोन दिवसांच्या वाटेंत तीन ऋतु भेटावयाचे. प्रत्येकासाठीं निराळें वस्त्र बरोबर घेण्याइतकें ओझें ना त्याच्या पाठीस पेलणारें, ना त्याच्या ऐपतीस.

राजेलोकांची गोष्ट वेगळी. हा प्रदेश जेव्हां कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखालीं होता, तेव्हां तिसरा सोमेश्वर या राजानें शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ११२९ च्या आगेमागें, ‘मानसोल्लास’ नांवाचा शंभर अध्यायांचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यांत मराठी पद्यांचे जुने मासले सांपडतात म्हणून मराठी वाचकांस तो ठाऊक असतो. परंतु याच ग्रंथांत राजाच्या वस्त्रोपभोगावर एक प्रकरण आहे, आणि कोणत्या ऋतूंत कोणतीं वस्त्रें ल्यावीं याचा विचार त्यांत केला आहे. पुढें विनोदांच्या भागांत मृगयेचेंही विस्तृत प्रकरण आहे. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या चरित्रावर काश्मीरच्या बिल्हणानें जें काव्य रचलें, त्यांत आपल्या कऱ्हाडच्या, म्हणजे तेव्हांच्या करहाटच्या, शिलाहार राजकन्येचें स्वयंवर वर्णिलें आहे, आणि पुढें थंडीच्या ऋतूच्या वर्णनासह राजाच्या मृगयेचाही प्रसंग आला आहे. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक ही कीं ऋतु, वस्त्र व शिकार यांचा विचार या प्रांताच्या राज्यकर्त्यांनीं नऊशें वर्षांपूर्वीं शास्त्रासारखा केला होता. दुसरी ही कीं तो विचार कोठारांत वस्त्रांच्या राशी असलेल्या मनुष्याचा आहे. राजा ऋतूगणिक वस्त्र बदलतो. त्याच्यासाठीं रान हांकणारा मनुष्य वस्त्र बदलीत नाहीं, तें नेसण्या-पांघरण्याची तऱ्हा बदलतो. हा भेद म्हणजेच या निबंधाचा गाभा होय.

त्या दुसऱ्या मनुष्याचें चित्र पाहावयाचें तर गांवोगांवच्या वीरगळांकडे गेलें पाहिजे. कंबरेस घट्ट आवळलेलें आंखूड वस्त्र, उघडी छाती, मागें बांधलेले केस, आणि हातीं ढाल-तलवार किंवा धनुष्य, असे योद्धे त्या दगडांवर कोरलेले आढळतात. शिल्पांतला वेष थोडासा सांकेतिक असतो हें खरें; तरी पायांत घोळणारें वस्त्र त्यांत दिसत नाहीं, एवढें मात्र निश्चित.

पुढें सतराव्या शतकांत आपण आलों म्हणजे अधिक स्पष्ट माहिती मिळूं लागते. ग्रँट डफ हा १८१८ पासून कांहीं वर्षें इंग्रजांतर्फे साताऱ्यास होता, आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. या इतिहासावर एकोणिसाव्या शतकांतच नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं तरुणपणीं कठोर टीका केली, आणि ती बव्हंशीं रास्तही होती. परंतु जेथें तो सैनिकांच्या अंगावरील कपड्यांविषयीं लिहितो तेथें त्याचें लेखन बारकाईचें आहे. शिवाजीमहाराजांच्या पायदळांत दर दहावा मनुष्य बंदुकीच्या ऐवजीं धनुष्यबाण बाळगीत असे, असें तो सांगतो, आणि त्याचें कारणही देतो: रात्रींच्या छाप्यांत, जेथें बंदुकीचा आवाज करून चालत नसे, तेथें धनुष्य उपयोगीं पडे. या शिपायांचा वेष म्हणजे मांडीच्या मध्यापर्यंत येणारी आंखूड चोळणी, कंबरेभोंवतीं घट्ट गुंडाळलेला लांब व अरुंद पट्टा, डोईस मुंडासें, आणि क्वचित् सुती कुडतें. शिवाय बहुतेकांच्या कंबरेस आणखी एक वस्त्र गुंडाळलेलें असे, आणि तेंच प्रसंगीं शालीसारखें अंगावर घेण्याच्या उपयोगीं पडे. घोडेस्वारांच्या अंगांत कापूस भरलेलें शिवणीचें कुडतें व गुडघ्याखालीं येणारा घट्ट चोळणा असे, आणि पुष्कळजण मुंडाशाचा एक वेढा हनुवटीखालून घेत.

या साध्या वर्णनाकडे वरच्या चार लक्षणांच्या दृष्टीनें पाहिलें तर किती गोष्टी उलगडतात! चोळणी आंखूड, म्हणून चिखलानें जड होत नाहीं आणि करवंदीच्या जाळींत अडकत नाहीं. कंबरेचा पट्टा घट्ट, म्हणून पोट व पाठ उबेंत राहते, चढणीवर आधार मिळतो, आणि भाकरी बांधून नेण्याची सोयही होते. अंगांत कुडतें नसेल तर दोरी अडकावयास अस्तनीच नाहीं. मुंडासें उन्हांत डोकें राखतें, थंडीवाऱ्यांत हनुवटीखालून बांधतां येतें, विहिरीवर दोरासारखें सोडतां येतें, जखम झाली तर पट्टी होतें. आणि कंबरेचें तें दुसरें वस्त्र दिवसा पट्टा, रात्रीं पांघरूण. एकेका कापडाकडून तीन-तीन कामें घेण्याची ही काटकसर गरीबीनें शिकविली असेल. पण तिच्यांत शहाणपण नाहीं असें कोण म्हणेल? प्रतापगडच्या भेटीच्या दिवशीं, १० नोव्हेंबर १६५९ रोजीं, खुद्द महाराजांनीं काय काय परिधान केलें होतें हें बखरकारांनीं मुद्दाम नमूद केलें आहे. अंगरख्याच्या आंत चिलखत व पागोट्याखालीं लोखंडी टोप असल्याचें वर्णन सर्वश्रुत आहे. वरच्या वस्त्रानें आंतल्या वस्त्राचें काम झांकावें, ही युक्ति त्या दिवशीं स्वराज्याच्या कामीं आली.

याच्या उलट दरबारी वेषाची कथा. अठराव्या शतकांत साताऱ्यास छत्रपति शाहू महाराजांचें राज्य स्थिरावलें. महाराजांस शिकारीचा मोठा नाद होता. वाघाच्या शिकारींत त्यांचा प्राण वांचविणाऱ्या त्यांच्या आवडत्या कुत्र्याची गोष्ट ग्रँट डफनेंही दिली आहे, आणि त्या कुत्र्याची समाधि म्हणून साताऱ्याजवळ संगम माहुलीस एक स्थान दाखविण्यांत येतें. एकदां भर दरबारांत महाराजांनीं त्या कुत्र्यास जरीचें वस्त्र व दागिने घातले, आपलें पागोटें त्याच्या डोक्यावर ठेवलें, आणि त्यानंतर स्वतः पुनः कधींही डोईस कांहीं घातलें नाहीं, असें डफ लिहितो. यांत चित्तभ्रम पाहावा कीं जरतारी पागोट्याचें मोल ओळखलेल्या पुरुषाचा उपहास पाहावा, हें वाचकांनीं आपल्या मनाशीं ठरवावें. आम्हांस यांत दिसतें तें एवढेंच कीं त्या काळापर्यंत वस्त्र हें मानाचें चिन्ह होऊन बसलें होतें. मनगटावर चुण्या पडतील इतक्या लांब अस्तनींचा अंगरखा बैठकीस शोभतो; तो घालून धनुष्य ओढूं पाहणाराची फजिति ठरलेली. अर्थात् तोंवर शिकारीस बंदूक आली होती, आणि शिकाऱ्याचा वेष हवेशीं जुळण्याऐवजीं हुद्द्याशीं जुळूं लागला होता.

आतां राहिला पाऊस. सुती कापड भिजलें कीं अंगास चिकटतें, आणि वारा लागतांच अंगांतली ऊब शोषून घेतें. कोयनेच्या रानांत श्रावणांत ओलें सुती वस्त्र अंगावर ठेवून बसणें म्हणजे थंडीतापास आमंत्रण देणेंच होय. घाटमाथ्यावरील व कोंकणांतील शेतकऱ्यानें यावर इरल्याची युक्ति काढली. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पानें बसवून केलेलें हें होडीच्या आकाराचें छप्पर डोक्यापासून पाठीवर सोडलें कीं दोन्ही हात मोकळे राहतात, आणि ओणवें होऊन भाताची लावणी करतां येते. पण इरलें हें ओणव्या मनुष्याचें वस्त्र आहे. रानांतून वांकडें-तिकडें सरकणाऱ्यास तें झाडोऱ्यांत अडकतें, त्यावर पावसाचे थेंब ताशासारखे वाजतात, आणि धनुष्य उभें धरण्यास तें जागा देत नाहीं.

रानांत हिंडणाऱ्याची सोय केली ती घोंगडीनें. तिच्या एका टोंकास घडी घालून खोळ करावी, ती डोक्यावर घ्यावी, आणि उरलेली घोंगडी पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत सोडावी. हात समोरून मोकळे. वारा फिरला तर खोळीचें तोंड फिरवावें. ऊन पडलें तर घडी करून खांद्यावर टाकावी. बसावयाचें तर खालीं अंथरावी, रात्रीं निम्मी खालीं व निम्मी वर. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल धागांत मुरवून घेते आणि तरी हातास ओली लागत नाहीं. शिवाय ओल मुरतांना तिच्यांतून थोडी उष्णताही निघते, हें आतां पदार्थविज्ञानानें सिद्ध झालें आहे. मेंढीच्या अंगचा स्निग्धांश घोंगडींत राहिलेला असतो, त्यामुळें पाण्याचा थेंब वरून ओघळून जातो. तिचा आवाज होत नाहीं. तिचा काळा-करडा रंग भिजल्या खडकाच्या व झाडाच्या बुंध्याच्या रंगांत मिसळून जातो. हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेंत लाल डगला टाकून मातकट रंगाचा वेष घेण्यास आरंभ झाला तो १८४६ सालीं उभारलेल्या गाइड्स पलटणीपासून. ‘खाकी’ हा शब्दही खाक, म्हणजे धूळ, यावरूनच आला. आमच्या धनगरास ही गोष्ट कोणा सेनापतीनें शिकविली नव्हती.

ही घोंगडी कोठें होते? येथें या दोन जिल्ह्यांच्या भूगोलाची मोठी गंमत आहे. जेथें पाऊस अतोनात, तेथें मेंढी जगत नाहीं. सततच्या चिखलानें तिचे खूर सडतात. ती जगते माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलखांत. धनगर दिवाळीनंतर मेंढरें घेऊन पश्चिमेकडे, कित्येक तर थेट कोंकणांत उतरतात, आणि पावसाळ्यापूर्वीं परत फिरतात. म्हणजे ऐन पावसांत मेंढ्या पूर्वेस असतात आणि त्यांची लोकर पश्चिमेस मनुष्याच्या पाठीवर असते! ज्या भूमीस पावसाचें दुर्भिक्ष, तिनेंच अतिवृष्टीच्या भूमीस पावसाचें वस्त्र पुरवावें, अशी ही देवघेव आहे. कोणा राजानें आज्ञापत्र काढून ती घडवून आणली नाहीं. आठवड्याच्या बाजारांनीं व धनगरांच्या वाटांनीं ती शतकानुशतकें चालविली.

घोंगडी विणण्याची कृतिही पाहण्यासारखी आहे. दख्खनी मेंढीची लोकर वर्षांतून दोनदां कातरतात. कोंकराची पहिली कातरण तें ‘जावळ’. जावळाची घोंगडी सर्वांत मऊ व मोलाची. कातरलेली लोकर ताणलेल्या तांतीच्या धनुकलीनें पिंजतात, बायका सूत काढतात, आणि खुटेकर धनगर किंवा सनगर जातीचे विणकर खड्ड्याच्या मागावर ती विणतात. चिंचोके भाजून, कुटून व शिजवून केलेली खळ कुंच्यानें ताण्यास चोपडतात. तिनें सुतास बळकटी येते आणि वीण घट्ट बसते. रणांतलें धनुष्य गेलें, शिकारीचें गेलें, परंतु धनुष्याची दोरी या पिंजणाऱ्याच्या हातांत वाजत राहिली, हा योगायोग आम्हांस मोठा मनोवेधक वाटतो.

कोणी म्हणेल कीं एका प्रांतांतील गरीबांच्या पांघरुणाचें एवढें कौतुक कशास? त्यास आम्ही युरोपांतील एक उदाहरण देतों. १९९१ सालीं आल्प्स पर्वतांत ऑस्ट्रिया व इटली यांच्या सरहद्दीजवळ बर्फांत गोठलेलें एक प्रेत सांपडलें. तें सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींचें ठरलें. हाहि तिरंदाजच होता. त्याच्यापाशीं अर्धवट घडविलेलें धनुष्य व बाणांचा भाता होता. अंगांत शेळी-मेंढीच्या कातड्यांचा डगला, पायांस शेळीच्या कातड्याचीं आवरणें, डोक्यास अस्वलाच्या कातड्याची टोपी, जोड्यांत गवत भरलेलें. आणि त्याच्याबरोबर गवताचें विणलेलें एक आच्छादनही सांपडलें. तें पांघरण्याचें असावें असें पुष्कळ पंडित मानतात. आमच्या इरल्याची व घोंगडीची आठवण कोणास होणार नाहीं? शेळी-मेंढी, गवत, आणि एका वस्तूपासून अनेक कामें करून घेण्याची बुद्धि, हीं सह्याद्रींत व आल्प्समध्यें सारखींच. भेद इतकाच कीं त्या पुरुषाच्या कपड्यांच्या एकेका तुकड्यावर पंडितांनीं ग्रंथ लिहिले, आणि त्याच्यासाठीं इटलींतील बोल्झानो शहरीं संग्रहालय उभें राहिलें.

असो. धनुष्याची शिकार आतां राहिली नाहीं, आणि राहूंही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें युग संपविलें. ज्या कोयना-चांदोलीच्या रानांत मावळ्यांचे बाण सुटले असतील, तेथें २०१० पासून सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प आहे; आणि सांगली जिल्ह्यांत सागरेश्वरच्या उजाड डोंगरावर माणसांनीं झाडें लावून, हरणें आणून सोडून अभयारण्य उभें केलें आहे. ज्यांच्या आजोबांनीं हरणें मारलीं असतील त्यांच्या नातवांनीं हरणांसाठीं रान लावावें, यापरती आनंदाची गोष्ट कोणती?

धनुष्य मात्र परत आलें आहे, आणि तें साताऱ्यासच प्रथम मान देऊन आलें आहे. फलटण तालुक्यांतील सरडे गांवचे प्रवीण जाधव हे टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत हिंदुस्थानच्या बाजूनें उतरले. ते सामने २०२१ सालीं झाले. २०२३ च्या ऑगस्टमध्यें बर्लिन येथें साताऱ्याच्या आदिति स्वामी या सतरा वर्षांच्या मुलीनें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, आणि त्याच वर्षीं साताऱ्याचेच पार्थ साळुंखे युवकांचे जागतिक विजेते झाले. या खेळाडूंचा वेष पाहावा: अस्तन्या आंखूड वा अंगाबरोबर बसणाऱ्या, डाव्या हातास पट्टा, कपडा दोरींत येऊं नये म्हणून छातीवर आवरण, कोणी बोटांस चामड्याचें आच्छादन घालतो, कोणी दोरी सोडण्यास कळ वापरतो. नांवें परदेशी असलीं तरी गोधा व अंगुलित्राण यांचीच ही वंशावळ होय. पाऊस आला म्हणून त्यांचे सामने थांबत नाहींत. तेव्हां ओल्या हवेंत हात गरम कसा ठेवावा, हा मावळ्याचा प्रश्न आजही त्यांच्यापुढें उभाच आहे. त्याचें उत्तर मात्र आतां दूरदेशींच्या कारखान्यांत तयार होतें.

आणि घोंगडीचें काय झालें? ज्या माणदेशाची व्यंकटेश माडगूळकरांनीं १९५५ सालीं ‘बनगरवाडी’ या कादंबरींत सगळ्या महाराष्ट्रास ओळख करून दिली, त्या माणदेशांत दख्खनी लोकरीस आज गिऱ्हाईक मिळेनासें झालें आहे. गिरणीचें रंगीबेरंगी ब्लँकेट स्वस्त, वजनास हलकें, आणि टोंचत नाहीं. पावसासाठीं प्लास्टिकचा कागद त्याहून स्वस्त. कातरणीची मजुरीसुद्धां लोकरीच्या किमतींतून निघत नाहीं, म्हणून ती पुष्कळदां टाकून द्यावी लागते. तेव्हां धनगर मांसासाठीं मेंढी पाळूं लागला. जत तालुक्यांतील माडग्याळ गांवच्या नांवानें प्रसिद्ध असलेली उंच, देखणी मेंढी बाजारांत मोठी किंमत आणते. परंतु तिच्या अंगावर लोकर फारशी नसते. हें आम्ही दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. ज्यास चार पैसे मिळवून मुलांस शाळेंत घालावयाचें आहे, त्यानें आमच्या इतिहासप्रेमाखातर तोट्याचा धंदा करावा, असें सांगण्याचा अधिकार आम्हां पांढरपेशांस नाहीं. तथापि परिणाम ध्यानांत घेतला पाहिजे. विणकर गेला तर त्याचा मुलगा पुनः शिकूं शकेल. माग मोडला तर सुतार नवा करून देईल. पण काळ्या दाट लोकरीची मेंढीच वंशानें नाहींशी झाली, तर सह्याद्रीच्या पावसास उत्तर म्हणून या भूमीनें जें वस्त्र निर्माण केलें, त्याचें मूळच उपटलें जाईल. तलवार हरवली तर तिचा नमुना लंडनांत सांपडेल. घोंगडीचा नमुना ठेवण्यास तिची मेंढी जिवंत पाहिजे.

आमच्या मतें दोन गोष्टी तरी होण्यासारख्या आहेत. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं ऐन माणदेशाच्या वेशीवर चित्रवस्तूंचें सुंदर संग्रहालय उभें करून दाखविलें. त्याच उदारपणानें या जिल्ह्यांतील संग्रहालयांनीं तलवारींच्या शेजारीं एक जावळाची घोंगडी, एक इरलें, एक धनुकली व चिंचोक्याच्या खळीचा कुंचा ठेवावा, आणि प्रत्येकाखालीं विणकर जीं नांवें वापरतो तीं लिहावीं. कारण वस्तूच्या आधीं तिचे शब्द मरतात. ही झाली सोपी गोष्ट. दुसरी थोडी खर्चाची. पावसाळ्यांत महाबळेश्वर, कास, कोयना या बाजूस हौसेनें हिंडावयास जाणाऱ्या कुटुंबांनीं एकदां माणदेशच्या विणकराकडून, त्यानें सांगितलेल्या दामानें, एक घोंगडी विकत घ्यावी आणि ती पावसांत खोळ करून वापरून पाहावी. ती जड लागेल, पहिल्यानें टोंचेलही. पण तासाभरानें आंतलें अंग उबदार राहिलें आहे आणि दोन्ही हात मोकळे आहेत असें आढळून येईल, तेव्हां इतिहासाच्या पुस्तकांत न सांपडणारी एक गोष्ट आपल्या पाठीस आपोआप समजेल.